चंद्रावर उतरताना पत्र्यावर थाप

आधीच सांगतो, चिडून लिहितोय. भूत, करणी, पितृदोष... यातलं मी काही मानत नव्हतो आणि आजही मानायची इच्छा नाही. मी नगरच्या एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो. आकडा बरोबर टाकला की माल बरोबर निघतो, एवढंच माझं अध्यात्म. तरी गेल्या महिन्यात मिरजगावला घरी जे झालं, ते झालं. 'थापा मारतोय' असं खाली लिहिणार असाल तर खुशाल लिहा. त्या शब्दानं माझं आधीच वाटोळं केलंय.

माझे वडील, अण्णा, ट्रक चालवायचे. गाडी मागं घेताना ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, म्हणून एकजण मागं उभा राहून पत्र्यावर हातानं थाप मारतो. एकेक थाप म्हणजे येऊ दे. लागोपाठ दोन म्हणजे थांब. मी गाडी शिकत होतो तेव्हा मागं अण्णाच असायचे. मी आरशात बघायचो आणि ते ओरडायचे, "आरशात काय बघतो रं? मागच्याचं आयक!"

तीन वर्षांपूर्वी मार्केट यार्डात मी त्यांचं न ऐकता गाडी मागं घेतली आणि भिंतीला घातली. आठ-दहा ड्रायव्हर जमले. त्या सगळ्यांसमोर अण्णा म्हणाले, "ह्याला जन्मात जमायचं न्हाई." माझं डोकं फिरलं. मी ओरडलो, "तुमच्या थापांवर कोण विश्वास ठेवणार?" मला पत्र्यावरच्या थापा म्हणायच्या होत्या हो, देवाशपथ! पण सगळे फिदीफिदी हसले – पोरानं चारचौघांत बापाला थापाड्या ठरवलं. अण्णांनी माझ्याकडं एकदा बघितलं आणि बोलणंच बंद केलं. दोन वर्षं! एका पंगतीला बसलो तरी आईला सांगायचे, "त्याला भाकरी वाढ." मी तीनदा खुलासा करायला गेलो. तीनदा उठून बाहेर गेले. मागच्या फाल्गुनात झोपेतच गेले. एका शब्दासाठी एवढी शिक्षा? बाप होते की कोर्ट?

आता मूळ गोष्ट. मला कॉम्प्युटरवरच्या एका गेमचा नाद आहे. त्यात आपणच यान बनवायचं, अंतराळात न्यायचं आणि कुठंतरी उतरवायचं. मी एक विमान बनवलं होतं. चंद्रावर हवा नाही, म्हणजे पंख नुसते शोभेला. म्हणून पोटाखाली जमिनीकडं झोत मारणारे चार थ्रस्टर लावले – जोर वाढवला की विमान वर, कमी केला की खाली. असं सरळ उभं उतरवायचं. महिनाभर प्रयत्न चालला होता. दरवेळी अगदी शेवटी ते टुणकन उडायचं आणि कलंडायचं.

रविवार, सकाळचे अकरा. घर हायवेलाच आहे, पण दारात एकही गाडी नव्हती. अण्णांचा ट्रक तर कधीच विकलेला. खोलीला स्लॅब, टेबल लाकडी, पत्र्याचं काहीही नाही. आई ओट्यावर मेथी निवडत होती. विमान शंभर मीटरवर आलं... आणि माझ्या पाठीमागून पत्र्यावर थाप पडली. एक. मग जरा थांबून अजून एक.

मी मान वळवली. भिंत. गेमचा आवाज मी आधीच बंद केलेला होता. विमान खाली येत होतं, ते सोडवेना. थाप... थाप... संथ, आणि प्रत्येकीत अंगठीचा बारीक टण् आवाज. अण्णांच्या हातात तांब्याची अंगठी असायची. मला भीती वाटली नाही. राग आला, सणकून राग.

"आत्ता आलात व्हय?" मी मोठ्यानं म्हणालो.

स्क्रीनवर उंची चार मीटर दिसत होती. तेवढ्यात लागोपाठ दोन थापा. थांब! आकडा सांगत होता, अजून चार मीटर आहेत. पण मी थ्रस्टर बंद केले. विमान किंचित दबलं आणि तिन्ही चाकांवर गप बसलं. नंतर तपासलं तेव्हा कळलं – ती उंची कॉकपिटपासूनची होती, आणि चाकं त्याच्या चार मीटर खाली. म्हणजे महिनाभर चाकं टेकल्यावरही मी थ्रस्टर चालूच ठेवत होतो! ज्या माणसाला मोबाईलचं लॉक उघडता यायचं नाही, त्याला हे कसं कळलं?

आई मेथीची जुडी घेऊन दारात उभी. "कोन गाडी लावतंय रं?"

"कुणी नाही."

"न्हाई कसं? थापा आयकल्या मी. तुज्या अण्णाचा हात मला कळत न्हाई व्हय?" बोलता बोलता तिचं तिलाच उमगलं. ती उंबऱ्यातच बसली. जुडी मांडीवर ठेवत म्हणाली, "तुज्यासंगं काय बोलले का?"

"नाही."

"कायच न्हाई?"

"कायच न्हाई, आई."

मावसभाऊ म्हणतो, शिंगणापूरला तेल वाहून ये. मित्र म्हणतो, स्लॅब तापला की वाजतो. व्वा! म्हणजे स्लॅबच्या बोटात अंगठी असते? मलाही दुसरं काही सुचलेलं नाही, ते कबूल करतो. पण आवाज कुठून आला याच्याशी मला देणंघेणं नाही. विमान पडू नये म्हणून येता येतं, मग पोराशी एक शब्द बोलायला काय झालं होतं?

आता ते विमान मला दरवेळी नीट उतरवता येतं. म्हणून गेले तीन रविवार मी ते मुद्दाम पाडतोय. निदान शिव्या घालायला तरी येतील. अजून कुणी आलेलं नाही. आई मागं खुर्ची घेऊन बसते. तिला गेममधलं काही कळत नाही. विमान उलटलं की थोडा वेळ कान देऊन थांबते आणि म्हणते, "परत घे."