अब्रूचा आकडा

माझे मामा रशीद होडेकर १९९९ च्या मे महिन्यात मस्कतहून परत आले. सोबत दोन बॅगा आणि एक कॉम्प्युटर. तिथे ते एका कंपनीच्या गोदामात स्टोअरकीपर होते. गोदामातून तांब्याच्या वायरची सात बंडलं गेली. चावी मामूंकडे होती. केस झाली नाही, पुरावा निघाला नाही, पण व्हिसा रद्द झाला. ते घरी पोचायच्या आधीच बातमी रत्नागिरीत, आमच्या राजिवडा मोहल्ल्यात पोचली होती.

त्यानंतर मामू घराबाहेर कमीच पडायचे. कोणी सलाम केला की परतून करायचे आणि मग विचार करत बसायचे, की ह्याने आज का केला. फातिमामामीशीही जेवणापुरतंच बोलणं. मामीने एकदाही विचारलं नव्हतं, तुम्ही घेतली की नाही. हे न विचारणंच त्यांना सर्वांत जास्त टोचत होतं.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि कॉम्प्युटरचा कोर्स करत होते. रोज दुपारी मामूंकडे जायचे. तिसऱ्या दिवशीच त्यांनी विचारलं, "तस्नीम, तू येतेस कशाला? तुझ्या आईने पाठवलंय?"

"नाय मामू. घरी कॉम्प्युटर नाय, म्हणून येते."

हे उत्तर त्यांना पटलं. खुर्ची सरकवून दिली.

कॉम्प्युटरबरोबर एक खेळाची सीडी आली होती. एक शिपाई गावोगाव फिरतो, माणसांना भेटतो; कोणी काही मागतं, कोणी फसवतं. प्रत्येक वेळी पडद्यावर तीन-चार उत्तरं येतात, त्यातलं एक आपण निवडायचं. कोपऱ्यात एक आकडा असायचा. चांगलं वागलं की चढायचा, वाईट वागलं की उतरायचा. आकडा मोठा असला की दुकानदार स्वस्तात देत, पहारेकरी वाट सोडत. मामूंचं इंग्रजी कामापुरतं होतं, म्हणून मी वाचून सांगायचे. त्या आकड्याला काय म्हणतात असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, नाव, लौकिक. ते म्हणाले, "म्हणजे अब्रू."

मी खेळायला बसले की आकडा भराभर चढायचा. एकदा एका म्हातारीला भाकरी दिली आणि मामूंनी माऊसवर हात ठेवला.

"तू वाचतेस तरी का?"

"वाचते की."

"नाय वाचत. चांगलं उत्तर नेहमी सगळ्यांत वर असतं. तू वरचं दाबतेस. तिला भूक आहे का नाय, हे तुला ठाऊक पण नाय."

मी म्हातारीचं बोलणं पुन्हा वाचलं. तिने भाकरी मागितलीच नव्हती. हरवलेल्या मुलाचा पत्ता विचारत होती.

एका दुपारी मामूंनी शिपायाला रिकाम्या घरात नेलं आणि पेटीतली अंगठी उचलली. आकडा एकाने उतरला.

"कोणी बघितलं?"

"कोणीच नाय."

"मग कळलं कोणाला?"

त्यांनी खेळ मागे नेऊन तेच तीनदा केलं. एकदा दार लावून, एकदा मालक दुसऱ्या गावी गेल्यावर. तिन्ही वेळा आकडा उतरला. मामूंनी कोपऱ्यातल्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "इथे निदान जो करतो त्याचीच उतरते."

नंतरचे काही आठवडे त्यांचा त्या खेळावर विश्वास बसला. तो त्यांनी स्वतःच मोडला. बघू तरी म्हणून त्यांनी वाटेवरच्या एका मेंढपाळाला मारलं. आकडा तळाला गेला, पहारेकरी मागे लागले, सोबती सोडून गेले. मामूंनी शिपायाला डोंगरावरच्या देवळात नेलं. पुजाऱ्यासमोर दान टाकलं. आकडा चढला. पुन्हा टाकलं, पुन्हा चढला. सहाव्या दानानंतर ते गावात शिरले, तर मघाचाच पहारेकरी वाकून नमस्कार करत होता.

"मेंढपाळ उठला?" मामूंनी विचारलं.

"नाय. तो मेलेलाच राहतो."

त्यांनी कॉम्प्युटर बंद केला.

आता अक्रमबद्दल सांगायला हवं. अक्रम सोलकर आमच्याच गल्लीतला. त्याच गोदामात फोर्कलिफ्ट चालवायचा. मामूंना विमानतळावर पोचवायला तोच आला होता आणि तिथे रडला होता. वर्षभराने तो परतला आणि मिरकरवाडा बंदरातल्या एका ट्रॉलरमध्ये भागीदार झाला. तेव्हापासून दर जुम्म्याला मासळी घेऊन यायचा. सरंगा, इसवण, जे चांगलं असेल ते. होड्या बंद असल्या की सुकी मासळी. दोन वर्षांत मामूंनी संशय घेतला नाही असा माणूस उरला नव्हता. एका अक्रमवर मात्र तो कधी घेतला नव्हता.

देवळातल्या दानानंतरच्या जुम्म्याला नमाज झाल्यावर अक्रम आला. मामूंनी त्याला बसवलं.

"अक्रम, तू मासळी का आणतोस?"

"घरचीच आहे, रशीदभाई."

"एकही जुम्मा चुकला नाय. मी तुझं काय केलंय एवढं?"

अक्रम हसला, मग हसायचा थांबला.

"सात बंडलं," मामू म्हणाले. "हाताने उचलण्याजोगी नव्हती ती. फोर्कलिफ्ट लागली असणार. हे मला आज सुचतंय."

अक्रम म्हणाला, "सुपरवायझर म्हणाला, ट्रकात चढव, कागद मागाहून येतो. मी चढवली. कागद आला नाय."

"आणि मला विचारत होते तेव्हा?"

"त्याच महिन्यात माझा व्हिसा वाढायचा होता."

मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मामू म्हणाले, "मला सांगून झालं. आता हिला सांग."

अक्रमने मामीला सगळं पहिल्यापासून सांगितलं. मामीने ऐकून घेतलं, मासळीची पिशवी त्याच्या हातात परत दिली आणि दार उघडून धरलं.

तो गेल्यावर मामू म्हणाले, "आता तरी पटलं?"

"मला पहिल्यापासून ठाऊक होतं."

"मग विचारलं का नाय कधी?"

"विचारलं असतं तर तुम्ही नाय म्हटलं असतं," मामी म्हणाली. "आणि मग मी खरं मानलं की मन राखलं, हे तुम्ही जन्मभर तपासत बसला असता."

मामूंनी तिच्याकडे दोनदा निरखून बघितलं. मला वाटतं, तेव्हाही ते तपासतच होते.

अक्रमने मोहल्ल्यात कोणाला काही सांगितलं नाही. मामूंनीही नाही. मी चिडले. ते म्हणाले, "लोक म्हणतील, रशीदने आपलं उजळायला अक्रमचं काळं केलं. तू मानशील. बाकीचे?"

२००३ मध्ये त्यांना लांज्याला काशीराम नावाच्या माणसाच्या काजू कारखान्यात गोदाम सांभाळायचं काम मिळालं. काशीरामांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तुमच्याबद्दल मी ऐकलंय. गोदामाला दोन कुलपं राहतील. एक चावी तुमच्याकडे, एक माझ्याकडे." दुसऱ्या कोणाला हे लागलं असतं. मामू घरी येऊन मामीला म्हणाले, माणूस बरा वाटतो. रोज सकाळच्या एसटीने जायला लागले. खेळ अर्धवटच राहिला.

२००६ ला अक्रमच्या मुलीचं, मनालचं लग्न झालं. मामू गेले, जेवले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. अक्रमने लोकांसमोर त्यांना मिठी मारली, तेव्हा ते हात खाली सोडून उभे राहिले. परत येताना मामीने विचारलं, "गेलात तरी कशाला?"

"मुलीने बोलावलं होतं, अक्रमने नाय," ते म्हणाले. थोडं चालल्यावर पुढे म्हणाले, "असं तिने सांगितलं तरी."