आजी बी.ए. होती, म्हणे

माझी आत्या चौऱ्याऐंशीची आहे आणि आमच्या घरात तिची ख्याती थापाडी अशी. तिची थाप एकच, पण जन्मभर न बदललेली: तिची आजी, म्हणजे माझी पणजी, एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या कॉलेजातून बी.ए. झाली होती. मग लग्न होऊन आमच्या गावी, आंजीला आली, चूल फुंकली, कापूस वेचला. अशी बाई बी.ए.? माझे बाबा, आत्याचे धाकटे भाऊ, विषय निघाला की आजोबांना मध्ये आणून म्हणायचे, "अन् आपले आबाजी बॅरिस्टर होते!" सगळे हसायचे. मीही.

गेल्या वर्षी आत्या दुखण्यातून उठली आणि मला म्हणाली, "तू कागदातला किडा हायेस. मी जायच्या आधी येवढं धुंडून दे. मले खोटारडी म्हणून मरायचं नाई."

माझी सगळी नोकरी जमिनीच्या कचेरीत जुने फेरफार काढण्यात गेली. त्यामुळे हे काम डाव्या हातचं, असा माझा तोरा. त्या काळच्या पदवीधरांच्या छापील याद्या आता इंटरनेटवर सापडतात, महिनाभर चाळल्या. बायका मुळात बोटांवर मोजण्याइतक्या, त्यांत पणजीचं नाव नाही. मी आर्वीला आत्याकडे जाऊन तसं सांगूनही टाकलं. ती उठून आत गेली. चहा बिनसाखरेचा आला.

मग आंजीला पुतण्याचं लग्न निघालं. तो ताटातल्या तांदळात अंगठीने बायकोचं नवं नाव लिहायला बसला, भोवती बायका खिदळत होत्या, आणि मी तिथेच कपाळावर हात मारून घेतला. मालक बदलला तरी मागचं नाव शोधा, हे मी नोकरीभर लोकांना शिकवलं. आणि पणजीला शोधत होते ती तांदळात लिहिलेल्या नावाने! परीक्षा तर माहेरच्या मुलीने दिली होती. ते नाव कुणाला ठाऊक असणार? आमच्या वंशावळीत बायका नुसत्या 'पत्नी'.

दुसऱ्या दिवशी एसटीने आर्वी गाठली. आजीच्या माहेरचं काही आहे का, असं विचारल्यावर आत्याने मोरीतल्या, पाणी भरायच्या पितळी गुंडाकडे बोट केलं. "तिच्या लग्नातला हाये म्हणे." त्यावर परक्याच बाईचं नाव कोरलेलं, म्हणून आम्ही तो पंगतीत बदलून आलेला समजायचो. मी चिंच लावून खसाखसा घासला. नावापुढचं बापाचं नाव आणि आडनावही वर आलं.

फोनवर यादी उघडली. होती! बापाच्या नावासकट! मी अशी ओरडले की शेजारीण धावत आली. मला इतका आनंद स्वतःच्या बढतीचाही झाला नव्हता.

त्या आडनावाचं एक घर सेलूला निघालं. तिथल्या आजोबांना फोन लावला. पणजी ही त्यांच्या पणजोबांची बहीण. तिचे वडील शाळामास्तर, लेकीच्या शिक्षणासाठी त्यांनी पुण्याला बिऱ्हाड केलं होतं. सोबतीला पाठवलेल्या त्यांच्या आईला अक्षरओळख नव्हती, पण नात मोठ्याने वाचते की नाही यावर ती डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायची म्हणे.

आत्याला घेऊन आंजीला बाबांकडे आले. बाबांनी यादीचं पान दोनदा वाचलं आणि बहिणीला विचारलं,

"बाई, आजीनं आमाले काऊन नाई सांगतलं?"

"सांगतलं होतं. तू हासला होतास. मी आयकलं होतं."

बाबांनी कान धरले. मीही धरले.

आता येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट बाबाच सांगतात, दर वेळी थोडी वाढवून. परवा तर त्यांनी पणजीला सोन्याचं पदक देऊन टाकलं. आत्या हल्ली मुद्दाम ऐकायला येते. पदक आलं तशी तिने भावाच्या गुडघ्यावर थाप मारली. "हळू सांग रे. लोक हासतीन."