जुन्या पखालींचा हौद

हौदातलं पाणी पुन्हा उतरलं होतं. जमिलाबी काठावर टेकली. पदरानं तोंड पुसून ती हौदाच्या कातडी अस्तरावरच्या ओल्या रेघेकडं नुसती बघत राहिली. काल सांजेला पाणी त्या रेघेला होतं, आज वीतभर खाली.

"उन्हानं आटतंय," बाजेवरून तिचा नवरा पाशामियाँ म्हणाला.

"रातचं कुठलं आलंय ऊन जी?"

"मग?"

"मग काय. भरते पुन्हा."

तिनं घागर उचलली आणि पेठेच्या कोपऱ्यावरच्या नळाकडं निघाली. गेला आठवडाभर हेच चाललं होतं. दिवसभर भरायचं आणि रात्रीतून कुणीतरी प्यायचं.

ज्या नळावर ती निघाली होती, त्याच नळानं त्यांचा धंदा बसवला होता. त्याआधी मुरुमच्या पेठेत घरोघर पाणी भरणारा पाशामियाँ पखाली म्हणजे घरचा माणूस. निजामाचं राज्य गेलं, चावडीवरची पाटी बदलली, जिल्हा मराठी राज्यात आला, पण पाशामियाँची वाट बदलली नाही. विहिरीपासून पेठेपर्यंत हल्ल्याच्या, म्हणजे रेड्याच्या, पाठीवर कातड्याची पखाल आणि पेठेपासून लोकांच्या रांजणापर्यंत स्वतःच्या पाठीवर लहान मशक. लग्न असो, मयत असो, पाणी त्याचं. मग नळ आला. हल्ल्या विकला. चार पखाली माळ्यावर गेल्या. आणि ज्या पाठीनं इतकी वर्षं हूं की चूं केलं नव्हतं, ती बसून राहिल्यावर एका सकाळी उठेनाच.

उमरग्याच्या डॉक्टरनं दाबून पाहिलं, तसा पाशामियाँ लहान पोरासारखा ओरडला. डॉक्टर म्हणाला, "रोज गळ्याइतक्या पाण्यात बसवा. पाण्यात अंगाचा भार उतरतो, कण्याला सुट्टी मिळते."

परतीच्या गाडीत पाशामियाँ आडवा पडून हसला होता. "ऐक गं. जन्मभर पाण्याचा भार म्या वाह्यला. आता पाणी माझा वाहणार म्हनं."

विहिरीच्या पायऱ्या त्याला उतरवेनात. म्हणून अंगणात खड्डा. किराणा दुकानदार सोमलिंगअप्पानं आपले गडी लावून तो खणून दिला. त्याच्या घरचे रांजण पाशामियाँनं त्याच्या बापाच्या काळापासून भरले होते. पण उघडी माती पाणी धरती का? तेव्हा जमिलाबीनं माळ्यावरून पखाली उतरवल्या, उसवल्या, आरी आणि वादी घेऊन एकीला एक जोडल्या आणि खड्ड्याला आतून कातड्याचं अस्तर घातलं. ठिगळं लावून लावून तिचा हात बसलेलाच होता. करडईचं तेल चोळून कातडं मऊ केलं. आणि पखाल्याच्या घरचा रिवाज होता तो पाळला: पखाल उघड्या भुईवर ठेवायची नाही, खडा टोचतो, खाली काहीतरी मऊ पाहिजे. तिनं खड्ड्याच्या तळाला आणि बाजूंना कडब्याचा जाड थर दिला. बाळंतिणीच्या बाजेवर गोधडी घालावी तसा.

पहिल्या दिवशी अप्पानं काखेत हात घालून पाशामियाँला पाण्यात सोडला. पाशामियाँनं डोळे मिटले. मान काठावर टाकली.

"काय मियाँ, गेला का काय?" अप्पानं विचारलं.

"दुखत न्हाय," पाशामियाँ म्हणाला. एवढंच. मग पुन्हा, जणू कुणाची चहाडी करतोय अशा हळू आवाजात, "अप्पा, दुखतच न्हाय."

रोजच्या त्या एका तासावर तो बाकीचा दिवस ढकलायचा. आणि तो तास रात्रीतून कुणीतरी पीत होतं.

त्या दिवशी जमिलाबी तिसऱ्या खेपेची घागर ओतत होती, तेव्हा शेजारची धुरपदाबाई कुंपणावरून डोकावली.

"बी, म्हस बांधलीया का काय हौदात? का तुमचे मियाँच पित्यात समदं?"

"पिऊ दे की अक्का. पखाल्याचं पोट हाय."

"अगं चेष्टा न्हाय. माझ्या भिताडाकडनं वल येत न्हाय, तुझ्या अंगणात चिखल न्हाय. पानी जातंय कुठं?"

जमिलाबी थांबली. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. पाणी गळतंय तर ओल कुठाय? म्हणजे खाली पोकळी झाली असली पाहिजे, सगळं तिथं मुरतंय. तिनं काठावरचा दगड सरकवला, कातड्याची किनार उचलली आणि आत हात घातला. कडबा हाताला लागला नाही. माती लागली. भुसभुशीत, ओलसर, नळ्या-नळ्यांची माती. हात बाहेर काढला तर बोटांवर पांढरे किडे वळवळत होते.

"वाळवी," धुरपदाबाई म्हणाली.

जमिलाबीनं हात झटकला. ती एकदा हौदाकडं बघे, एकदा बाजेकडं. पाशामियाँ पलीकडं तोंड करून पडला होता. त्याला दिसलं नव्हतं.

"अक्का, मीच घातलं गं तिला जेवाय," ती पुटपुटली. "मीच कडबा घातला."

"समदेच घालत्यात की पखालीखाली."

"पखाल टेकती घडीभर. रातीला खुंटीला जाती. ही निजलीच भुईवर कायमची."

पाणी काढणं भागच होतं. घागरी-घागरींनी भरलेलं तिनं घागरी-घागरींनीच उपसलं. निम्मं धुरपदाबाईच्या मिरच्यांना गेलं, उरलेलं तिच्या म्हशीला. रिकामं कातडं दोघींनी ओढून बाहेर काढलं आणि उलटं पसरलं. आतल्या अंगाला तेल पिऊन चकाकणारं कातडं मागच्या अंगाला जागोजाग खरवडलेलं होतं. एका ठिकाणी तर उन्हाकडं धरल्यावर चाळणीसारखा उजेड आला.

"किती दिवस?" बाजेवरून आवाज आला. पाशामियाँला आता सगळं दिसत होतं.

"होईल लवकर."

"जमिला, किती दिवस?"

"म्हनलं ना होईल."

तो कूस बदलायला गेला आणि अर्ध्यातच थांबला, दात आवळून. जमिलाबी उठली, एक हात पाठीखाली, एक गुडघ्याखाली घालून त्याची कूस बदलली आणि पुन्हा कातड्यापाशी येऊन बसली. रोज किती वेळा हे करत होती, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. तिची स्वतःची कंबर आता आवाज करायची. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

खाल्लेलं तिनं कापून काढलं, मशकीच्या कातड्याची ठिगळं लावली. कडब्याचा कण न् कण उचलून जाळला. तळाला चुना आणि राख कालवून थापली. पण वाळवी एकदा घर बघून गेली की पाहुण्यासारखी पुन्हा येते. राखेनं ती किती दिवस थांबणार?

"बिब्बा लाव," धुरपदाबाई म्हणाली. "आमच्या घरात गाडीच्या धुऱ्यास्नी तेच लावत्यात. बिब्ब्याच्या तेलाला वाळवी तोंड लावत न्हाय."

"अन् मियाँचं अंग? बिब्बा उतला तर साल निघंल पाठीची."

"भाईरनं लाव की. मातीच्या अंगाला."

"शिवनीला भोकं हायत अक्का. झिरपला तर?"

धुरपदाबाई बिबे घेऊनच आली, फडक्यात बांधून.

जमिलाबीनं ते खापरात तापवले, तेल उतरवलं. बिब्बा उतू नये म्हणून हाताला आधी तिळाचं तेल लावून घ्यायचं असतं, हे तिला ठाऊक होतं. पण तेलकट बोटांचा माग कातड्यावर उमटला की तिथं बिब्बा धरणार नाही, आणि न धरलेली जागा वाळवी बरोबर शोधणार. तिनं काडीला चिंधी गुंडाळली. चिंधी पुरेना, तशी बोटंच फिरवली. शिवण जिथं जिथं होती तिथं बोटभर जागा सोडली, तिथं नुसता चुना भरला. कातड्याचं मातीकडचं सगळं अंग काळंभोर झालं. ते तिनं दोन दिवस उन्हात वाळू दिलं. त्या दोन दिवसांत तिच्या बोटांवर फोड आले आणि मनगटापर्यंत सूज चढली. तिनं पदर ओढून हात झाकून घेतले. पाशामियाँनं विचारलं तर म्हणाली, "चुन्यानं खाल्लं जरा."

अस्तर पुन्हा बसलं. पाणी धुरपदाबाईनं भरलं; जमिलाबीला घागरीचा काठ धरवेना. दुपारी हौद भरला. पाशामियाँ बाजेवरून मान वळवून वळवून बघत होता.

"अप्पाला निरोप धाड की."

"आज न्हाय."

"का?"

"तुमचाच रिवाज जी. शिवलेल्या पखालीचं पयलं पानी मानसाला द्यायचं न्हाय."

"मग कुनाला देतीस?"

"बघते," ती म्हणाली.

धुरपदाबाई दाराबाहेर गेली, तशी जमिलाबी नेसत्या लुगड्यानिशी हौदात उतरली. बिब्बा झिरपला असलाच तर तो आपल्या पाठीवर दिसू दे, एवढाच हिशेब होता. ती पाठ कातड्याला टेकवून बसली, मुद्दाम शिवणीवर, आणि फोडांचे हात काठावर वर धरले. आयुष्यात ती कधी गळ्याइतक्या पाण्यात बसली नव्हती. तिच्या वाटणीचं पाणी नेहमी तांब्यातलं. पाय आपोआप वर आले. कंबर, जी इतके दिवस आवाज करत होती, एकाएकी गप्प झाली.

हां, तिला वाटलं. तर हे असं असतं.

मग तिला काही वाटलं नाही.

"जमिला," पाशामियाँनं हाक मारली. थोड्या वेळानं पुन्हा मारली. त्याला बाजेवरून हौदाचा काठ दिसायचा आणि काठावर ठेवलेले दोन हात. हात हलत नव्हते. त्यानं बाजेची कड धरली. पाय खाली सोडले. डोळ्यांपुढं अंधारी आली, ती जाईपर्यंत थांबला. मग भिंत, मग खांब, मग भुईवर बसून हातांनी ओढत ओढत तो हौदापाशी पोचला, तेव्हा त्याच्या तोंडावरून घाम गळत होता.

जमिलाबी झोपली होती. हनुवटी पाण्याला टेकलेली, तोंड किंचित उघडं. जरा घोरतही होती. त्यानं तिचे हात पाहिले. बोटं, तळवे, मनगट.

"चुन्यानं खाल्लं व्हय," तो म्हणाला.

तिला उठवायला त्यानं हात पुढं केला आणि मागं घेतला. डोकं घसरलं तर म्हणून तिच्या अंबाड्याखाली तळहात धरून तो तसाच बसला. पाठीत कळा येत होत्या. येऊ दिल्या.

सांजेला सोमलिंगअप्पा आला तो दारातच थबकला आणि पाठ फिरवून उभा राहिला.

"मियाँ, तुम्ही भुईवर कसे? कुनी आणलं?"

"हळू बोला अप्पा."

"तुम्हाला उतरवायला आलतो."

"आज न्हाय," पाशामियाँ म्हणाला. "तुमच्या दुकानातनं जरा खोबरं धाडा. बिब्ब्यावर लावाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीत धुरपदाबाईनं जमिलाबीची पाठ उघडी करून उजेडात पाहिली. दोनदा पाहिली. एकही फोड नव्हता.

"साफ हाय," ती म्हणाली.

"नीट बघ अक्का."

"बघितलं. आता रडतीस कशाला?"

"रडत न्हाय. डोळ्यात बिब्ब्याचा धूर गेलाय."

बाहेर अप्पानं पाशामियाँला काखेत धरून पाण्यात सोडलं होतं. पाणी काल होतं त्याच रेघेला होतं. जमिलाबी येऊन काठावर बसली. पाशामियाँनं पाण्यातूनच वाटीतलं चावलेलं खोबरं घेतलं आणि तिच्या बोटांना एकेक करून लावायला लागला.

"सांजेला तू बस," तो म्हणाला.

"अन् सैपाक?"

त्यानं जरा विचार केला. "मग सैपाक झाल्यावर."

जमिलाबी हूं म्हणाली. पुरतं ऐकलंही नव्हतं तिनं. काठाच्या दगडाखाली मळकी एक बारीक रेघ वर चढताना तिला दिसली होती, आणि ती वाळवीचीच आहे की चुना-राखेची, ते बघायला तिनं फोडांच्या बोटांनी दगड सरकवला.