लोटनमामाची चप्पल

मस्कतहून निघताना माझं एकच काम ठरलेलं होतं. पहिल्या पगारातून लोटनमामाला चप्पल घ्यायची. आई कॉलेजात जायला लागली तेव्हा घरात एकाच जोडीची ऐपत होती. मामानं ती बहिणीला घेऊन दिली आणि स्वतः दोन वर्षं वडिलांच्या झिजलेल्या पायताणात फिरला. हे आईनं मला इतक्यांदा सांगितलंय की ते पायताण मी ओळखू शकेन.

लोणखेड्याला पोचले आणि अंगणातच मामाच्या पाया पडायला वाकले. मामा दोन पावलं मागे सरकला, आणि उलट त्यानंच माझ्या पायांवर डोकं ठेवलं. तो अठ्ठावन्न वर्षांचा, मी बावीसची.

"अशी वाकू नको माय. तू भाची शे, मन्ही बहीणनी पोर. पाया मी पडसू."

खानदेशात भाची म्हणजे देव, एवढं आईनं सांगितलं होतं. देवाची किती गैरसोय होते ते सांगितलं नव्हतं. मान खाली घालून उभी होते म्हणून त्याच्या पायांकडे लक्ष गेलं. डाव्या चपलेचा पट्टा तुटलेला, आणि विहिरीच्या मोटारीतल्या तांब्याच्या तारेनं बांधलेला. आज मामाची पपईची बाग आहे, दारात ट्रॅक्टर आहे, आणि पायात ही तार.

दुसऱ्या दिवशी मामा मला शहाद्याच्या बाजारात घेऊन गेला. मला जी ओढणी नको होती ती मी जरा उचलून पाहिली, एवढाच माझा गुन्हा. ती बांधून झाली होती. मी पर्स उघडेपर्यंत पैसे देऊनही झाले होते. मग बांगड्या, मग आईसाठी पातळ, मग एक स्टीलचा डबा, जो मी फक्त बाजूला सरकवला होता. दुपारपर्यंत मी दुकानात हात मागे बांधून उभी राहायला शिकले. चपलांच्या दुकानाकडे वळले तर मामानं माझ्याच पायांकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुले लेवानी शे का?" मी मुकाट्यानं पुढे निघाले.

म्हटलं, निदान जेवण तरी माझ्याकडून. मला झणझणीत शेवभाजी खायची होती, मस्कतमध्ये आठवण काढत होते तशी. खाणावळीत मामा आधी आत जाऊन आचाऱ्याशी काही बोलून आला. ताट आलं. रस्सा पिवळट, तेलाचा तवंग नाही, मिरचीचा पत्ता नाही. "बाहेरगावनी शे, तिखट सोसाव नही, म्हनीसन सांगी दिधं," मामा खुशीत म्हणाला. हात धुण्याचं निमित्त करून मी गल्ल्याशी गेले. मालकानं मान हलवली. लोटनभाऊंनी बसायच्या आधीच दिलेत.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. मामा घाबरला. "देखा, तरी तिखट लागनं," म्हणून त्यानं मला लस्सी पाजली. तिचेही पैसे त्यानंच दिले.

चौथ्या दिवशी, मामा बागेत गेलाय हे पाहून, मी एकटी रिक्षानं शहाद्याला गेले. नर्मदामामीला सांगितलं की मोबाईलचं बघायचंय. कय्युमभाईंच्या दुकानात तपकिरी चामड्याची, जाड तळव्याची जोडी निवडली. माझं कार्ड त्यांच्या मशीनला मान्य नव्हतं, फोनवरून पैसे देणं माझ्या परदेशी नंबराला जमत नव्हतं. मी नोटा काढल्या, तर कय्युमभाईंनी हात मागे घेतले.

"चारुलताबहीणनी पोर ना तू? लोणखेडानी भाची ती आमनी बी भाची. पैसा तुन्हाकडेच ऱ्हाऊ दे."

म्हणजे नात्याचा नाही, जातीचा नाही, धर्माचा नाही, तो माणूसही माझा मामा. मी नोटा काउंटरवर टाकल्या आणि खोकं उचलून अक्षरशः पळाले. आयुष्यात पहिल्यांदा मी पैसे देऊन चोरासारखी पळत होते.

संध्याकाळी खोकं मामासमोर ठेवलं. त्यानं चप्पल बाहेर काढली, तळव्यावरून बोट फिरवलं, वास घेतला. मला वाटलं, जिंकले.

"भारी शे," तो म्हणाला. "पन भाचीनं दिधेलं पायमा कसं घालू मी?"

त्यानं जोडी पुन्हा कागदात गुंडाळली आणि कपाटावर, देवाच्या फोटोशेजारी ठेवली. मी भांडले. तुझ्या पायांसाठी आणलीय, फोटोसाठी नाही, म्हणाले. मामी हसत राहिली. मामा ऐकून घेत राहिला, आणि सकाळी तीच तार बांधलेली जोडी घालून बागेत गेला.

निघायच्या दिवशी मी सूड घेतला. मामा आंघोळीला गेल्यावर त्याची जुनी जोडी पिशवीत गुंडाळून माझ्या बॅगेत कोंबली. आता घालशील नवी, दुसरं करशील काय?

मामी आणि मी रिक्षानं पुढे आलो. मामा मागून मोटरसायकलवर येणार होता. शहाद्याच्या स्टँडवर बस लागली तरी त्याचा पत्ता नाही. मग तो गर्दीतून आला. काखेत ते खोकं, आणि मे महिन्याच्या डांबरावर अनवाणी पाय.

"जुनी कोठे गयी काय माहीत," तो म्हणाला. एक पाय टेकवत होता, दुसरा उचलत होता. "हाई तुन्हा बापले लई जाय. त्यास्ले व्हई."

मला भयंकर राग आला. कंडक्टर ओरडत होता. मी बॅग उघडली, जुनी जोडी काढली आणि त्याच्या पायांपुढे ठेवली. मामानं चपलेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

बॅगेत कोंबताना डाव्या पट्ट्याची तार सुटली होती. मी खाली बसले. त्याचा पाय चपलेत धरून तार दोनदा गुंडाळली आणि पिळून घट्ट केली. पाय धुळीनं भरलेला होता आणि तापलेला होता. मी फक्त तार बांधतेय अशा समजुतीत मामा या वेळी मागे सरकला नाही. मी जरा जास्तच वेळ लावला.