दोन दारांवरचं वॉर्निश

सॅन पेद्रोच्या गोदीत लाकडी बोटीला वॉर्निश करावं तर नेडामावशींनीच, असं आम्ही सगळे मानायचो. माझं शिडं शिवायचं दुकान त्यांच्या शेडला लागून. त्यांनी ते जुनं, तेलाचं वॉर्निश उघडलं की वास थेट माझ्या कॉफीत उतरायचा.

एक दिवस रंगाच्या दुकानदाराने त्यांना सांगितलं, "हा जुन्या वॉर्निशचा डबा आता इथं विकता येणार नाही. हवा स्वच्छ ठेवायच्या नियमात बसत नाही." आणि पाण्यात कालवलेलं, दुधासारखं दिसणारं नवं वॉर्निश हातात ठेवलं.

मावशींकडे तेव्हा आंते नावाच्या कोळ्याची मासेमारीची बोट वॉर्निशला आली होती. तो म्हणाला, "शेजारच्या राज्यात मिळतं की जुनं. रविवारी गाडी काढतो."

"काढ. पण आधी सांग, हा वास डब्यातून निघून जातो कुठं?"

"हवेत."

"आणि तिथून?"



हवेच्या खात्याची निरीक्षक आरासेली तपासणीला आली, तर मावशींनी तिलाही तेच विचारलं. ती डोंगर दाखवायला वळली. धुरक्यात डोंगर दिसतच नव्हते. "तिकडे. उन्हात हा वास गाड्यांच्या धुरात मिसळतो, त्याचं विष होतं आणि वारा ते आत ढकलतो. माझी आई तिथंच राहते. उन्हाळ्यात तिला धाप लागते."

"म्हणजे चकाकी माझी आणि खोकला तुझ्या आईला?"

"तुमच्या एकटीमुळे नाही हो. पण थोडा तुमच्यामुळेही."

मावशींनी आंतेला जाऊ दिलं नाही. नवं वॉर्निश मात्र हाताला बसेना. सवयीने ब्रश पुन्हा फिरवला की ओरखडे. फळ्या खराब करत, शिव्या देत त्यांना कळलं, की ब्रश एकदाच ओढायचा आणि हात काढून घ्यायचा. मग बोटीच्या केबिनच्या एका दाराला त्यांनी डब्याच्या तळाशी उरलेलं जुनं लावलं, दुसऱ्याला नवं. "बघू तरी!"

उन्हाळा सरला. जुन्या वॉर्निशचं दार मधासारखं, धडधाकट. नव्याचं फिकट, बिजागऱ्यांपाशी वॉर्निश सुटलेलं.

"जुनं जिंकलं, मावशी! म्हणा तरी!" आंते ओरडला.

"जिंकलंच रे," त्या म्हणाल्या. नखाने सुटलेली कड उचलून खालचं लाकूड निरखू लागल्या. "पण इथूनच पाणी शिरलंय. कड आधी नीट बुजवली असती तर?"

नवंच पुन्हा लावायचं म्हणून त्यांनी पॉलिश पेपर घेतला. कुरकुरत का होईना, आंतेने दार धरलं.