हळदीच्या मांडवातून सेव्ह

निशासमोर "झालं" हा शब्द सांभाळून उच्चारावा लागे. "आमटी झाली" म्हटलं की ती विचारणार, "चाखलीत का वहिनी?" "दार लावलं" म्हटलं की, "ओढून बघितलंत?" भाजीवाल्यालाही तिने एकदा सुटे पैसे परत मोजायला लावले होते, आणि चूक तिच्याच फायद्याची निघाल्यावर जास्तीचे परत केले होते.

निशा म्हणजे आमच्या शेजारच्या आक्कांची मुलगी. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून ती कामतघर नाक्यावर सुभाषदादांच्या इंटरनेट कंपनीत लागली होती. कंपनी म्हणजे साड्यांच्या दुकानावरची एक खोली. भिंतीला एक लोखंडी कपाट, त्यात हिरवे दिवे लुकलुकणाऱ्या चपट्या पेट्या. त्यांना स्विच म्हणतात. कोणाची लाइन सुरू करायची, कोणाला किती वेग द्यायचा, हे निशा कीबोर्डवरून त्यांना सांगायची.

"ही पेटी सांगितलेलं लगेच ऐकते, वहिनी," तिने मला एकदा समजावलं होतं. "पण सेव्ह केलं नाही, तर फक्त लाइट जाईपर्यंत लक्षात ठेवते. लाइट आली की पुन्हा जुनंच खरं."

आणि भिवंडीत लाइट जायला काय निमित्त लागतं? आजूबाजूचे यंत्रमाग एकाएकी गप्प झाले, की समजायचं, गेली. म्हणून निशाचा नेम ठरलेला. आधी पेटीत काय आहे ते बघायचं, मग बदलायचं, पुन्हा बघायचं, सेव्ह करायचं आणि मगच खुर्चीवरून उठायचं. सुभाषदादा खांबावर चढण्यात पटाईत, पण कीबोर्डवर हात चालवून ते तसेच उठायचे. अर्धा जिना उतरले की वरून हाक यायची, "दादा, सेव्ह?" दादा पुटपुटत परत वर. "साला, घर में बीवी, इधर ये."

त्या वर्षी निशाचं लग्न ठरलं, पडघ्याच्या मुलाशी. सगळं मनासारखं होतं. एकच खोट होती. तिचा भाऊ देवेश मस्कतला नोकरीला, आणि त्याला सुट्टी मिळाली नव्हती. मांडवाचं नाव काढलं की आक्कांचा पदर डोळ्यांना जाई. "एकुलता भाव, आन् बहिणीची हळद बघायला न्हाय," असं म्हणत त्या पापडसुद्धा रडत लाटत होत्या.

"बघेल," निशा म्हणाली. "घरात बसून बघेल."

तिने आमच्या गल्लीपर्यंत नवी लाइन ओढून घेतली. हळदीच्या दिवशी सकाळी ती गुपचूप नाक्यावरच्या खोलीत गेली आणि तिने पेटीत ती लाइन सुरू केली. मी तिच्या घरी कॉम्प्युटरसमोर बसले होते, तिचा फोन कानाला लावून. पडद्यावर देवेश उमटला, केस विंचरत.

"वहिनी, तुम्ही जाड झालात!"

"आणि तू तिकडे काळा पडलास!"

फोनवर निशा आनंदाने किंचाळली. तेवढ्यात धवलारीण आल्याचा निरोप गेला. आमच्याकडे लग्नाचे विधी धवलारीण धवले म्हणजे लग्नाची गाणी गाऊन करते, आणि गुणाबाई धवलारणीला ताटकळत ठेवायची कोणाची छाती नाही. निशा धावतच घरी आली.

दुपारी माग गप्प झाले. लाइट गेली, यथावकाश आली. मांडवात जनरेटर होता, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही.

संध्याकाळी निशाला पाटावर बसवलं. कपाळ, गाल, हात, पाय, सगळी हळदीने पिवळी. मी देवेशला बोलवायला आत गेले, तर पडदा कोरा. वायर हलवली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काही नाही. देवेशचा फोन आला, "वहिनी, काय झालं? माझी ड्युटी सुरू होईल आता."

मी निशाच्या कानाशी लागले. तिने डोळे मिटले.

"अगं बाई! सेव्ह!"

नाक्यावरच्या खोलीतली बॅटरी जुनी, दुपारी ती टिकली नसणार. पेटी बंद पडून पुन्हा सुरू झाली, आणि तिच्या लेखी आमच्या गल्लीत लाइनच नव्हती. निशा ताडकन उठली.

"खाली बस!" गुणाबाई गरजली. "हळद लागलेली पोर मांडवाभायेर जायाची न्हाय."

"मावशी, लगेच येते."

"तुजी आज्जीबी न्हाय गेली, तू कुठं चालली?"

आक्का दाराशी उभ्या होत्या. त्यांचा पदर पुन्हा डोळ्यांना गेला होता. निशाने मान वळवली. सुभाषदादा नवा शर्ट घालून पंगतीत बसले होते, हातात मटणाचं हाड.

"दादा, उठा! खोलीवर जा!"

"मी? अगं, मला खांबावर चढव. ते टाइपिंग..."

"मी सांगते तसं करा."

दादा स्कूटरवरून गेले. निशाचे हात हळदीने भरलेले, म्हणून तिचा मोबाइल मी धरला, स्पीकर सुरू करून. गुणाबाईने धवला मध्येच थांबवला. मला वाटलं, आता ओरडणार. पण ती बायकांना म्हणाली, "गप ऱ्हावा गो! पोरीचं बी काय मंतर चाललंय."

"आधी काय आहे ते बघा," निशा म्हणाली आणि तिने इंग्रजी अक्षरं एकेक करून सांगितली.

"बघितलं. शेवटची लाइन बंद दिसते."

"ती सुरू करा. लिहा." पुन्हा अक्षरं. "आता वाचून दाखवा."

दादांनी वाचलं.

"एक अक्षर राहिलं."

"राहिलं, राहिलं!" मागून मावशा. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण दादांची चूक पकडायची मजा कोण सोडणार?

"आता?"

"आता बरोबर. पुन्हा बघा, सुरू दिसते का?"

"दिसते! हिरवा दिवा लागला!" आणि मग दादांनी इतक्या वर्षांची उधारी वसूल केली. "काय गं नवरीबाई, सकाळी सेव्ह केलं होतंस का?"

मांडव खदखदून हसला. पिवळ्या हळदीतही निशा लाल झाली. "नव्हतं केलं! आता करा आणि उठू नका तिथून!"

"केलं."

"वाचून दाखवा."

आतून पोरं ओरडली, "देवेश दादूस आला!" मॉनिटर टेबलासकट मांडवात आणला, वायरी सांभाळत. पडद्यावर देवेश, कामाचा गणवेश चढवून तयार. बहिणीला बघून त्याला हसू आवरेना.

"निशे, आंब्यासारखी दिसतेस!"

गुणाबाईने धवला जिथे सोडला होता तिथूनच उचलला. देवेशने टोपी काढून हातात धरली. आक्का पुढे झाल्या, वाटीत बोट बुडवलं आणि मॉनिटरवर त्याच्या गालाला हळद लावली.

तिकडे मस्कतला देवेशचा हात आपोआप गालाकडे गेला.