पंख्यावरचा चीक

आमच्या बाबांना साधा चहा करता येत नव्हता, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे 'असं कसं झालं बाई' असं कुणी विचारायला नको. केनवडचं घर, घरामागे गोठा, सारा जन्म सोयाबीन-तुरीत गेलेला. स्वयंपाकघरात ते पाणी प्यायला तेवढे यायचे, आणि जाताना माठावरचं झाकण उघडंच टाकायचे. आई गेली, तेरावं आटोपलं, मी वाशिमला आणि धाकटा भाऊ बापू पुण्याला परत निघालो, तेव्हा एकच प्रश्न उरला होता. यांना आता जेवायला कोण घालणार?

"मी करून खाईन," बाबा म्हणाले. "त्यात काय लागते?"

काय लागतं ते हळूहळू कळलंच. एकदा खिचडी केली, तिच्यात डाळ टाकायची राहिली. एकदा वरणात जिऱ्याऐवजी ओवा पडला, आणि ते त्यांनी 'पोटाले चांगलं असते' म्हणून दोन्ही वेळा खाल्लं. मी दर आठवड्याला जाऊन डबे भरून ठेवायची, भांडायची, भांडी घासायची आणि बसमध्ये बसून रडायची. मग एक दिवस त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि गोठ्यात जाऊन वासराशी बोलत बसले. भगुणं कोळसा झालं, घरभर धूर. शेजारच्या काकूंनी धावत येऊन गॅस बंद केला आणि लगोलग माझ्या भावाला फोन लावला.

भाऊ घाबरला. "ताई, आता बस्स झालं. रविवारी गाडी घेऊन येतो अन् बाबाले पुण्याले आणतो. घराले कुलूप लावू." त्याचं काही चुकत नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग येत होता. चुकत असतं तर चांगली भांडले असते. पण पुण्यात चौथ्या मजल्यावर बाबा करणार काय? तिथे ना गोठा, ना ओळखीचा माणूस, ना सकाळी उठून बघायला आभाळ. ते तिथे सुकून जातील, असं मला मनापासून वाटत होतं.

शनिवारी बाबांचा फोन आला. "उद्या लवकर ये बाई. बापू येऊन राह्यला, त्याच्यासाठी चीक करतो. गहू भिजवले होते, ते वाटूनही ठेवले."

मी कपाळाला हात लावला. चीक म्हणजे खेळ आहे का! गहू भिजवून आंबवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटायचे, गाळायचे, खाली बसलेलं सत्त्व मोठ्या पातेल्यात, म्हणजे गंजात, ढवळत-हाटत शिजवायचं. तो चीक. साच्यातून बाजेवर पिळला की कुरड्या. दर उन्हाळ्यात आई आणि गल्लीतल्या चार बाया मिळून हे करायच्या. भाऊ लहानपणी ताटली घेऊन गंजाशेजारी उकिडवा बसायचा. गरम चीक, वर दूध-साखर, की पोरगं तृप्त. बाबांना मात्र त्या दिवशी घरात येऊ द्यायच्या नाहीत. "तुमी बाहेर बसा बरं," आई म्हणायची, "तुमी आत आले की चीक बिघडते." मग ते काठी घेऊन अंगणात बसायचे आणि वाळत्या कुरड्यांवरून शेळ्या हाकलायचे. इतक्या वर्षांचा त्यांचा कुरड्यांचा अनुभव एवढाच.

रविवारी सकाळी मी दारात पोचले आणि जागच्या जागी थांबले. बाबांनी फवारणीचे कपडे घातले होते. लांब बाह्यांचा सदरा, हातात रबरी मोजे, पायात बूट आणि डोळ्यांवर तो मोठा, कडेने बंद असलेला चष्मा.

"अवं माय! हे काय बाबा?"

"चीक उडते ना," ते शांतपणे म्हणाले. "तुह्या मायचे हात पाह्यले नव्हते का? डाग पडलेले. काळजी नको करू, सारं कोरं हाये. परवाच आणलं."

मी हसायला लागले ती हसतच राहिले. पण आईच्या हातावरचे डाग या माणसाने पाहिले होते, तेही अंगणात बसून, हे कळलं आणि माझं हसू थांबलं.

गंज ओट्यावर मावेना म्हणून शेगडी मधल्या खोलीत खाली मांडलेली. आच विझू नये म्हणून पंखा बंद. बाबा सराट्याने, त्या लांब उलथण्याने, हाटत होते आणि चीक खरंच उडत होता. फट्‌ करून एक थेंब भिंतीवर, एक बुटावर, एक माझ्या नव्या साडीवर. "तू दूर राह्य," ते ओरडायचे, "तुले चष्मा नाही!" मीठ टाकलं का, हे त्यांना आठवेना, म्हणून त्यांनी परत टाकलं. पण घट्ट, चकचकीत चीक तयार झाला, हे कबूल करायला हवं. त्यांचा चेहरा काय फुलला होता!

"आता एक कुरडई इथंच पिळून पाहू," ते म्हणाले. तिथेच घात झाला.

आई वाटलेले गहू दोनदा गाळायची, दुसऱ्यांदा पातळ धोतराच्या फडक्यातून. बाबांनी एकदाच गाळले होते. कोंडा राहिला आणि साच्याची भोकं बुजली. दांडा फिरेना. मी म्हटलं, सुईने भोकं मोकळी करू. पण ट्रॅक्टर दुरुस्त करणारा माणूस सुईला कशाला हात लावतो! त्यांनी साचा उलटा धरला, भोकांची चकती वर, आणि दांड्याला पान्हा लावला.

"बाबा, नका करू."

"तू चूप बस. आटा फसला हाये."

खाडकन आवाज झाला. चकती वर गेली, पंख्याच्या पात्याला ठण्णकन लागली आणि देवळीत जाऊन पडली. मागोमाग साच्यातला सगळा चीक. भिंतीवर, टीव्हीवर, बाजेवर, बाबांच्या चष्म्यावर. त्या पांढऱ्या काचांमागून ते म्हणाले, "पाह्य. चष्मा कामी आला का नाही?"

तेवढ्यात भावाचा फोन. मेहकर सोडलं म्हणून.

मग आम्ही बापलेक जे सुटलो! चीक वाळायला लागला की भिंत सोडत नाही. मी सराट्याने खरवडत होते, बाबा खुरप्याने, तण काढल्यासारखे, ओळीने. चिकाबरोबर निळा रंगही निघून आला, तिथे कॅलेंडर टांगलं. टीव्ही पुसला, फरशी पुसली, बाबांनी अंघोळ करून धुतलेला सदरा घातला. खोली अशी लख्ख झाली की मला वाटलं, जमलं बाई. त्याला दाखवू, बाबांना चीकसुद्धा करता येतो. मग कुलपाचं नाव काढायची त्याची काय बिशाद!

भाऊ आला. घामाघूम. बाबांच्या पाया पडला, पांढऱ्याशुभ्र शर्टाची वरची गुंडी सोडली आणि "काय गरम होऊन राह्यलं" म्हणत पंख्याचं बटण दाबलं.

वर बघायचं आम्हा दोघांनाही सुचलं नव्हतं. पंखा दोन फेरे हळू फिरला आणि मग वेगात आला. चिकाचे गोळे चारी दिशांना गेले. एक थपकन त्याच्या छातीवर बसला, एक कानाखाली. त्याने पंखा बंद केला. कॅलेंडर तेवढ्यात खाली पडलं, आणि मागची खरवडलेली भिंतही उघडी झाली.

माझी सारी भांडणाची तयारी वाया गेली. बाबा उठले, बाजेखालून एक बॅग काढली आणि त्याच्या पायाशी ठेवली.

"चाल बापू," ते म्हणाले. "मले माहीत होतं. कालच भरून ठेवली. फक्त एक डाव ह्या घरात तुले चीक खाऊ घालावा वाटलं. तुही माय घालत होती ना."

मला वाटत होतं, ते घरासाठी भांडताहेत. ते निरोप घेत होते. मला तिथेच ढसाढसा रडू आलं.

भावाने बॅगेची चेन ओढली. आत दोन धोतरं, एक टॉवेल, आणि सगळ्यात वर, घाईघाईत धुऊन ठेवलेला, अजून ओला असलेला फवारणीचा चष्मा.

"हा कायले घेतला बाबा?"

"तिथं पुढच्या वर्षी कोण करन मग तुह्यासाठी चीक?" बाबा म्हणाले. "उडते ना तो."

भावाने चष्मा बॅगेतून उचलून बाजेवर ठेवला. मग छातीवरचा गोळा बोटाने काढून तोंडात टाकला. "मीठ लय झालं," म्हणाला आणि गंजातला चीक ताटलीत वाढून घेतला, दूध-साखर घालून, लहानपणासारखा उकिडवा बसून सगळा खाल्ला. हात धुतले, तो चष्मा डोळ्यांना लावला, स्टूल ओढलं आणि त्यावर चढून पंखा पुसायला लागला.

"ताई, बॅग रिकामी कर," तो वरूनच म्हणाला. "गॅसले ते आपोआप बंद होणारं बटण बसवून जातो. काकूंशी डब्याचं बोलतो. अन् बाबा, पुढच्या वर्षी गहू भिजवले की मले फोन करा. हाटायले मी येतो."

बाबांनी खालून स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. "ये," ते म्हणाले. "पण तुहा चष्मा तू घेऊन येजो. हा माहा हाये."